डॉक्टरांच्या वेतनातील बदलांचे मापन

डॉक्टरांच्या वेतनातील बदलांचे मापन म्हणजे ठरावीक कालावधीत सरकारी व खाजगी रुग्णालयांतील डॉक्टरांच्या उत्पन्नात झालेल्या बदलाची तुलनायोग्य मोजणी होय. कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी या यंत्रमागांच्या शहरात इंदिरा गांधी मेमोरियल (आयजीएम) हे शासकीय रुग्णालय असून अनेक खाजगी रुग्णालयेही आहेत. खाजगी उपचार न परवडणाऱ्या कामगारांना शासकीय रुग्णालयात डॉक्टर मिळणे हे अंशतः या दोन क्षेत्रांतील वेतनाच्या अंतरावर अवलंबून असते.

सरकारी क्षेत्र

महाराष्ट्रात सातव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. एस-२० या स्तराचे आरंभीचे मूळ वेतन २१,००० रुपयांवरून (ग्रेड वेतनासह) ५६,१०० रुपये झाले. ही वाढ वरकरणी १६७ टक्के दिसते. मात्र जुन्या वेतनावरील १२५ टक्के महागाई भत्ता धरल्यास आधीची रक्कम ४७,२५० रुपये होते आणि वाढ सुमारे १९ टक्केच उरते. खाजगी व्यवसाय न करण्याबद्दल मिळणारा व्यवसायरोध भत्ता वगळल्यासही तुलना सदोष ठरते. कंत्राटी डॉक्टरांना एकत्रित मानधन मिळते. त्यांची नोंद स्वतंत्र ठेवावी लागते.

खाजगी क्षेत्र

निवासी डॉक्टरांना मासिक पगार असतो, तर भेट देणाऱ्या तज्ज्ञांना प्रतिरुग्ण शुल्क किंवा उत्पन्नातील वाटा मिळतो. स्वतःचे रुग्णालय चालवणाऱ्याच्या उत्पन्नातून जागा, यंत्रे व कर्मचाऱ्यांचा खर्च वजा करावा लागतो. आयकर कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपर्यंत एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानता येते. त्यामुळे विवरणपत्रांतून प्रत्यक्ष खर्च कळतोच असे नाही.

मापनातील अडचणी

केवळ सरासरी दिशाभूल करू शकते. ज्येष्ठ डॉक्टर निवृत्त होऊन त्यांच्या जागी नवे आल्यास कोणाचेही वेतन न घटता सरासरी घटते. आयजीएम रुग्णालय पूर्वी इचलकरंजी नगरपालिकेकडे होते. नंतर ते राज्य शासनाकडे हस्तांतरित झाले. अशा हस्तांतरामुळे तेथील पदे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या गटातून राज्य शासनाच्या गटात जातात आणि दोन्ही गटांच्या सरासऱ्या बदलतात. म्हणून त्याच पदाची, तितक्याच अनुभवाच्या व तितकेच तास काम करणाऱ्या डॉक्टरांची तुलना अधिक विश्वसनीय मानली जाते.

रिक्त पदालाही कागदोपत्री वेतनश्रेणी असते. त्यामुळे वेतनाचे आकडे भरलेल्या पदांच्या संख्येसोबत वाचल्यासच रुग्णसेवेची खरी स्थिती स्पष्ट होते.