मोकळीक घ्या, पण सांगून घ्या

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत आज अनुवादित पुस्तकांचे गठ्ठे मराठी कादंबऱ्यांना खेटून उभे असतात. गिऱ्हाईक पाठमजकूर वाचतं आणि पैसे देतं. हातात पडतंय ते मूळ लेखकाचं लिखाण, की अनुवादकाला भावलेली गोष्ट, हे त्याला कळायला काही मार्ग नसतो. शब्दाला धरून भाषांतर करावं की मोकळ्या हाताने, या वादात खरी झळ लागते ती या गिऱ्हाइकाला. मूळ भाषा येत असती तर ते या गठ्ठ्याकडे वळलंच नसतं.

बुधवार पेठेला हा प्रश्न नवा नाही. 2 जानेवारी 1880 रोजी इथे मोरोबादादांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. त्या शाळेतले गोपाळ गणेश आगरकर 1882 साली कोल्हापूर प्रकरणाच्या बदनामी खटल्यात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि तिथे त्यांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणायला घेतलं. 1883 साली ते ‘विकारविलसित’ या नावाने छापून आलं. आगरकरांनी पात्रांना मराठी नावं दिली, हॅम्लेटचा चंद्रसेन केला; पण शेक्सपिअरचा विचार जिथे वळतो तिथेच त्यांनी तो वळू दिला. भाषा जड झाली, हे खरं. तरीही शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी तोच चंद्रसेन रंगभूमीवर गाजवला. मुळाला धरून राहिलेलं नाटक रंगत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

गोविंद बल्लाळ देवलांनी वेगळी वाट धरली. ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिताना त्यांची नजर प्रेक्षकावर होती. पुढे मर्फीच्या इंग्रजी सुखान्तिकेवरून त्यांनी उभं केलेलं ‘संशयकल्लोळ’ तर इतकं आपलं झालं की मर्फीचं नाव आज फक्त अभ्यासकांना ठाऊक आहे. मोकळिकीने मराठीला असं घरचं नाटक मिळवून दिलं, हा तिचा मोठाच विजय आहे. मात्र ‘संशयकल्लोळ’ पाहून कुणाला मर्फी कळला, असं म्हणता येणार नाही. देवलांचं तसं म्हणणंही नव्हतं.

शब्दनिष्ठेचा दावा प्रामाणिकपणाचा असतो, पण तो नेहमी टिकत नाही. 2014 साली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या कलचाचणीविरुद्ध दिल्लीत आंदोलन झालं. उताऱ्यांचं हिंदी भाषांतर समजतच नाही, ही त्यातली एक मुख्य तक्रार होती. याच चौकात स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेणारी मुलं मराठी पुस्तकांबद्दल अगदी हेच सांगतात. प्रत्येक शब्द कोशात सापडतो आणि वाक्य मात्र कुणाच्याच तोंडचं नसतं. अशा भाषांतराने मुळाचा अर्थच वाटेत सांडतो, मग निष्ठा उरली कुठे?

टिळकांनी ‘गीतारहस्या’त जे केलं ते आम्हाला आजही अनुकरणीय वाटतं. स्वतःचं सगळं प्रतिपादन, इतरांशी वाद, पाश्चात्त्य नीतिशास्त्राशी तुलना, हे त्यांनी आधीच्या प्रकरणांत मांडलं. गीतेचे श्लोक, त्यांचं भाषांतर आणि टिपा पुढे वेगळ्या छापल्या. वाचकाला टिळक पटोत न पटोत, गीता कुठे आहे आणि टिळक कुठे आहेत हे त्याला दिसतं. विनोबांची ‘गीताई’ श्लोकाला श्लोक देते. ज्ञानदेवांनी सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या रचल्या. दोन्ही ग्रंथ घरोघरी वाचले जातात आणि कुणाचीही फसवणूक होत नाही, कारण कोणत्या पुस्तकाकडून काय घ्यायचं हे वाचणाऱ्याला माहीत असतं.

फसवणूक होते ती न सांगता केलेल्या काटछाटीत. जिला मराठी प्रतिशब्द सुचला नाही ती ओळ गाळायची, वर्णनं उरकायची, आणि मुखपृष्ठावर तरीही ‘अनुवाद’ लिहायचं. याच्या जोडीला भाषेचाही प्रश्न आहे. विश्रामबागवाड्यातल्या पाठशाळेत शिकलेल्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आल्या त्या इंग्रजीतून. त्या काळी दुसरा इलाज नव्हता. आज रशियन किंवा जपानी कादंबरी इंग्रजीवरून आणली असेल तर ते लपवण्याचं काहीच कारण नाही.

म्हणून प्रकाशकांकडे आमचं मागणं साधं आहे. आतल्या पहिल्या पानावर तीन गोष्टी छापा: कोणत्या भाषेतून आणलं, संक्षेप केला का, आणि प्रसंग किंवा स्थळं बदलली का. यात अनुवादकाचा हात बांधला जात नाही. ललित गद्याच्या बाबतीत आमचा कौल मुळाजवळ राहणाऱ्याला आहे, नाटकात देवलांच्या वाटेला.

मुलांच्या पुस्तकांपाशी मात्र हा कौल डळमळतो. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला तो सैल, खेळकर, त्यांच्या स्वतःच्या मराठीत. तो काटेकोर असता तर दहा वर्षांच्या मुलाने शेवटच्या पानापर्यंत वाचला असता का, याची आम्हाला शंका आहे. तिथे मोकळीक हवीच. पण तेच मूल पंधरा वर्षांचं होऊन पुन्हा दुकानात येईल, तेव्हा त्याच व्हर्नचं पूर्ण भाषांतरही तिथे असायला हवं.