मांडवीतील मेजवानीचा हिशेब

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याला विमानसेवा सुरू झाली, तेव्हा शहराला झालेला आनंद रास्तच होता. अनेक वर्षे रखडलेली मागणी पूर्ण होत होती. मोपाला उतरणाऱ्या प्रवाशांत देवदर्शनाला आणि समुद्रकिनाऱ्याला जाणारे असतात, तसेच पणजीजवळ मांडवी नदीत नांगरलेल्या कॅसिनो जहाजांकडे वळणारेही असतात. या तिसऱ्या वर्गाचे गणित त्याच वर्षी बदलले. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. करभार असा वाढला की व्यवसायाची पहिली कात्री ग्राहकाच्या सवलतींना लागते. दिव्यांना आणि सजावटीला ती शेवटी लागते.

मांडवीतील जहाजांच्या प्रवेशमूल्यात जेवण, मद्य, करमणुकीचे कार्यक्रम आणि एकदाच खेळता येणाऱ्या काही चिप्स असे एकत्रित ‘पॅकेज’ देण्याची पद्धत रूढ आहे. मोठ्या खेळाडूंसाठी खोली, मोटार, प्रसंगी विमानाचे तिकीटही. ‘जेवणातच पैसे वसूल’ हे वाक्य गोव्याहून परतलेल्यांच्या तोंडी हमखास ऐकू येते. तथापि जगभरातील कॅसिनो ही खातरदारी औदार्यापोटी करीत नाहीत. ग्राहक सरासरी किती हरेल याचा अंदाज बांधून त्यातील काही हिस्सा त्याला परत दिला जातो. एका शून्याच्या रुलेटवर लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोकडे राहतात. एखादा हजार रुपयांचा डाव तासाला चाळीस वेळा, असा चार तास खेळला तर उलाढाल १ लाख ६० हजारांची होते आणि अपेक्षित नुकसान ४,३२० रुपयांचे. त्यातून हजार-दीड हजाराचे जेवण सहज निघते. चाटी गल्लीतील कोणताही कापड व्यापारी ‘सूट’ नेमकी कोठून निघते हे जाणतो. टेबलावर बसल्यावर मात्र तोच हिशेब विसरला जातो.

आता या चौकटीत नवा कर बसवून पाहावा. पूर्वी कॅसिनो आपल्या निव्वळ उत्पन्नावर २८ टक्के कर भरीत. करखात्याला हे मान्य नव्हते आणि म्हणूनच सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टा कॉर्प व तिच्या उपकंपन्यांना सुमारे १६,८०० कोटी रुपयांच्या नोटिसा गेल्या. वाद न्यायालयात गेला. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियमच बदलला. ग्राहक आत शिरताना चिप्ससाठी जी रक्कम देतो, त्या संपूर्ण रकमेवर कर लागू झाला. जिंकलेल्या पैशांतून पुन्हा लावलेल्या डावावर तो लागत नाही, एवढाच काय तो दिलासा.

समजा, एकाने दहा हजारांच्या चिप्स घेतल्या आणि रात्र संपताना त्यातील दोन हजार कॅसिनोकडे राहिले. जुन्या पद्धतीने कर होता ५६० रुपये. आज तो आहे ४,००० रुपये, म्हणजे कॅसिनोच्या कमाईच्या दुप्पट! हा भार जहाजाने स्वतः सोसावा अशी अपेक्षाच व्यर्थ आहे. मग ग्राहकाने चौदा हजार मोजून दहा हजारांच्या चिप्स घ्यायच्या, किंवा जहाजाने थोडा भार उचलून तो इतरत्र वसूल करायचा. हे ‘इतरत्र’ म्हणजेच सवलती.

लास वेगासचा अनुभव येथे बोलका आहे. स्वस्त खोल्या आणि स्वस्त भोजन यांवर त्या शहराचा लौकिक उभा राहिला. २०१६ मध्ये एमजीएम समूहाने आपल्या तेथील हॉटेलांत वाहने उभी करण्यासाठीही शुल्क आकारण्यास प्रारंभ केला. खोलीच्या भाड्यावर निराळे ‘रिसॉर्ट शुल्क’ आधीपासूनच होते. त्याहून गंभीर बाब म्हणजे टेबलावरील गुपचूप कपात. दहा डॉलरच्या डावावर ब्लॅकजॅक लागल्यास पूर्वी पंधरा डॉलर मिळत. अनेक टेबलांवर ते बारा झाले. जेवणाचे ताट काढून घेतले तर ग्राहक ओरडतो; नियमातील हे तीन डॉलर बहुतेकांच्या ध्यानातही येत नाहीत. २०२५ मध्ये तेथील पर्यटकांची संख्या घटली, तेव्हा टीकेचा रोख अशा वाढत्या आकारण्यांवरही होता.

कपात सर्वांवर सारखी होईल, असेही नाही. लाखांनी खेळणाऱ्याला गमावणे कोणत्याच कॅसिनोला परवडत नाही. त्याची मोटार आणि खोली शाबूत राहते. मित्रांसमवेत एकदाच जाऊन जेवण, गाणे आणि थोडी हौस एवढ्यावर परतणारा सामान्य पर्यटकच आकसलेल्या पॅकेजचा धनी होतो. फुकटचे कमी झाल्याने काही जण जहाजावर चढणारच नाहीत, हा त्यातला लाभ मानायला हरकत नाही. खरी चिंता आहे ती ‘निदान कराचे तरी भरून काढू’ या ईर्ष्येने टेबलावर अधिक वेळ बसणाऱ्याची. चार हजार मागे राहूनच त्याचा खेळ सुरू होतो.

गोव्याने आपल्या लोकांपुरता हा प्रश्न निराळ्या मार्गाने सोडविला. फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास मनाई करण्यात आली. म्हणजे जहाजे चालतात ती बाहेरच्यांच्या पैशावर. महाराष्ट्रानेही कॅसिनो आपल्या दारात नकोत हेच ठरविले: १९७६ चा, कधीही अमलात न आलेला कॅसिनो कायदा रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये घेतला. निर्णय योग्यच होता. मात्र सोलापूरकराने मांडवीत भरलेल्या चार हजारांच्या करापैकी राज्याचा वाटा गोव्याच्या तिजोरीत जातो, आणि हरून आलेल्याचे कर्ज सोलापुरातील घराला फेडावे लागते.