कळफलक कोणाच्या मर्जीने?

संगणकाला कळफलक एक, पण पडद्यावर उघडलेल्या खिडक्या अनेक. मग तुम्ही दाबलेली कळ कोणत्या खिडकीत पोहोचते? एका वेळी एकाच. त्या खिडकीकडे 'फोकस' आहे असे म्हणतात. फोकस कोणाकडे आहे, याची नोंद संगणकाची कार्यप्रणाली ठेवते.

आता अशी कल्पना करा. वहीत पाहून तुम्ही निबंध टाइप करीत आहात. तेवढ्यात दुसऱ्याच आज्ञावलीची चौकट पुढे येते : 'संगणक बंद करून पुन्हा सुरू करू का?' 'होय' हे बटण आधीच निवडलेले असते. परिच्छेद संपला म्हणून तुम्ही एंटर दाबता. झाले! प्रश्न वाचलाही नाही आणि संमती मात्र दिली गेली. याच रीतीने पासवर्डची अक्षरेही भलत्या खिडकीत, सर्वांना दिसतील अशी उमटू शकतात.

अशा वेळी 'तुझे लक्ष कुठे होते?' असे विचारले जाते. लक्ष कामावर होते, म्हणूनच चौकट दिसली नाही! माझ्या मते हा दोष टाइप करणाऱ्याचा नव्हे, आज्ञावलीच्या रचनेचा आहे.

तो टाळता येतो. विंडोज ९८ व विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टने यावर निर्बंध घातला. मागे चालू असलेल्या आज्ञावलीला सहसा एकदम पुढे घुसता येत नाही. खालच्या पट्टीवरील तिचे बटण लुकलुकते. वर्गात बोलण्यापूर्वी हात वर करावा, तसेच हे. मात्र या निर्बंधाला अपवाद आहेत. म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्याचा विवेकही हवाच.

माउसचा बाण चित्रावर ठेवताच उमटणारी माहितीची चिठ्ठी, म्हणजे टूलटिप, हीदेखील कधी कधी आगंतुकासारखी वागते. वाचायची ओळ झाकते, नाहीतर वाचून होण्याआधीच नाहीशी होते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१८ साली वेबपृष्ठांवरील अशा मजकुरासाठी तीन अटी घातल्या : बाण न हलवता तो मिटवता यावा, बाण त्याच्यावर नेला तरी टिकावा आणि वाचत असताना आपोआप जाऊ नये. अधू दृष्टीचा माणूस पडदा अनेकपट मोठा करून वाचतो. त्याला या अटींचे मोल विचारा. इतर आज्ञावलींनीही त्या पाळायला काय हरकत आहे?

शिक्षकांनी संगणकाच्या तासाला एक आठवडा नोंद ठेवायला सांगावी : कोणत्या खिडकीने न विचारता फोकस घेतला, आणि त्या वेळी आपण काय करीत होतो? विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी काही जण आज्ञावली लिहितील. तेव्हा ही वही जवळ ठेवा. ज्याची बोटे कळफलकावर आहेत, त्याला विचारल्याशिवाय फोकस हलवू नका.