समुद्रातून येणाऱ्याचा रकाना कोणत्याच फॉर्मवर नाही

बारा-चौदा मीटरच्या शिडाच्या नौकेत संसार मांडून देशोदेशी फिरणाऱ्यांना आपल्याकडे सरसकट श्रीमंत हौशी समजतात. ते अर्धंच खरं आहे. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, घर विकून निघालेली जोडपी असतात, मुलांना नौकेवरच शिकवणारी कुटुंबंही असतात. त्यांच्या पैशाची काळजी त्यांनी करावी. पण व्हिसा आणि इंटरनेट या दोन बाबतींत त्यांची जी ओढाताण होते ती सरकारांनी केलेली आहे. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर विमानतळ असतो, धक्का नसतो. त्यात आपलं सरकारही आलं, म्हणून हे मराठीत लिहायचं.

१. नौकेला १८ महिने, माणसाला ९० दिवस

एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या शेंगेन गटात आज २९ देश आहेत. बाहेरच्या पाहुण्याला तिथे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. त्याच पाहुण्याची नौका मात्र युरोपीय संघात कर न भरता १८ महिने थांबू शकते. म्हणजे एक वेळ अशी येते की नौका बंदरात कायदेशीर असते आणि तिच्यावर झोपणारा मालक बेकायदा. शहरं बघायला आलेल्याला ९० दिवस पुरून उरतात. जिब्राल्टरहून निघून बॅलेरिक बेटं, सार्डिनिया, सिसिली करत ग्रीस गाठणाऱ्याचे त्यातले कितीतरी दिवस वारा फिरण्याची वाट बघण्यातच जातात.

पूर्वी एक पळवाट होती. दिवस भरत आले की लोक क्रोएशियात जात. तो देश युरोपीय संघात होता, पण शेंगेनमध्ये नव्हता. १ जानेवारी २०२३ ला तोही आत गेला. त्याआधी दोन वर्षं ब्रेक्झिटची संक्रमण मुदत संपून ब्रिटिश नौकावाले याच मोजणीत सापडले होते. आपण युरोपभर हवं तेवढं राहायचो ही त्यांची आठवण अजून ताजी आहे आणि कुरकुरही त्यांचीच मोठी. आता दिवस भरत आले की तुर्कस्तान, ट्युनिशिया, अल्बानिया किंवा मॉन्टेनेग्रो. कास्तेलोरिझो हे ग्रीक बेट तुर्की किनाऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. तेवढं पाणी ओलांडलं की शेंगेनचे दिवस चढायचे थांबतात. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे दिवसांचा हिशेब आता संगणक ठेवतो.

हिशेब चोख होण्याला माझी हरकत नाही. आपत्तीत अडकलेल्याला मुदतवाढ देण्याची तरतूद युरोपच्या व्हिसा संहितेत आहेच. पण ती अपवाद म्हणून आहे, आणि शिडाच्या प्रवासात खराब हवा हा अपवाद नसतो. शिवाय मर्यादा घालणाऱ्यांचीही एक बाजू आहे. भूमध्य समुद्राच्या तळाशी पॉसिडोनिया नावाचं समुद्री गवत असतं, माशांची पिल्लं त्यात वाढतात, आणि रोज पडणाऱ्या नांगरांनी ते उपटलं जातं. तिथल्या मच्छीमाराने पाहुण्यांना आवर घाला म्हटलं तर त्याचं चुकत नाही. मात्र त्यासाठी नांगर कुठे टाकायचा याचे नियम हवेत. पासपोर्टावरचे दिवस मोजून गवत वाचत नाही.

२. भारतीय पासपोर्टवाल्याला परतीचं तिकीट मागतात

नौकेने जाणारा भारतीय विरळा, पण आहे. त्याच्यासमोर पहिला अडथळा समुद्राचा नसतोच. व्हिसाच्या अर्जाबरोबर हॉटेलचं आरक्षण आणि परतीचं विमानतिकीट जोडायला सांगतात. याचं हॉटेल पाण्यावर तरंगत असतं आणि परतीचं तिकीट म्हणजे शीड. मग रद्द करता येईल असं तिकीट काढून जोडायचं, व्हिसा मिळाला की रद्द करायचं. सरकारला खोटं कागदपत्र हवं असतं म्हणून प्रामाणिक माणूस ते तयार करतो.

अमेरिकेचा नियम सगळ्यांनाच चकवतो. ज्यांना तिथे विमानाने व्हिसाशिवाय जाता येतं, त्या ब्रिटिश-फ्रेंच लोकांनाही खासगी नौकेने जायचं असेल तर रीतसर व्हिसा आधी काढावा लागतो. माणूस तोच आणि पासपोर्टही तोच. फिजी आणि व्हानुआतू भारतीयांना आगाऊ व्हिसा न मागता येऊ देतात, हा प्रशांत महासागरात आपल्या लोकांना मोठा आधार आहे. पण त्यांच्या पुढे पश्चिमेला न्यू कॅलेडोनिया आहे, आणि तिथे फ्रान्सचा कायदा लागतो.

३. इंटरनेट आता कागदपत्रांचाच भाग आहे

‘समुद्रावर गेलात ना, मग इंटरनेट कशाला?’ हा प्रश्न लोक हसत विचारतात. उत्तर असं: न्यूझीलंडला जाणाऱ्या नौकेने पोचण्याच्या किमान ४८ तास आधी आगमनाची सूचना द्यायची असते. ऑस्ट्रेलियातही आगाऊ कळवावं लागतं, आणि व्हिसा तर आधी हातात असावाच लागतो. फॉर्म ऑनलाइन, फी ऑनलाइन, आणि पैसे भरायला गेलं की बँकेचा ओटीपी डोंबिवलीच्या घरी कपाटात ठेवलेल्या सिमकार्डावर! सरकारांनी दार ऑनलाइन केलं, तर त्या दारापर्यंत पोचायची सोयही कायद्यात असायला हवी.

हवामानाचं तर बोलायलाच नको. पूर्वी शॉर्टवेव्ह रेडिओवर कानात प्राण आणून अंदाज ऐकत. २०१४ च्या सुमारास इरिडियम गो हे उपग्रहावरून चालणारं यंत्र आलं. त्याचा वेग सेकंदाला २.४ किलोबिट. वाऱ्याच्या नकाशाची छोटीशी फाइल उतरायला मिनिटं लागत, तरी लोक त्यावर खूश होते. स्टारलिंकच्या उपग्रह-इंटरनेटने हे सगळं बदललं. आज भर समुद्रात चक्रीवादळाची उपग्रह-छायाचित्रं बघून वाट बदलता येते. ज्याला जमिनीवर बसून समुद्रावरचं इंटरनेट ही चैन वाटते त्याने ही गोष्ट लक्षात घ्यावी.

४. आकाशाकडे बघणाऱ्या डिशलाही सरहद्द असते

उपग्रह सगळीकडून जातो, परवाना मात्र देशादेशाचा. ज्या देशाने परवाना दिलेला नाही तिथे स्टारलिंकची डिश वापरता येत नाही. घरच्या देशाबाहेर दोन महिन्यांपेक्षा जास्त राहिलं तर खातं दुसऱ्या देशात हलवा, असं कंपनी सांगू शकते. भर समुद्रात जादा दर. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला परतणाऱ्या कित्येक नौका दक्षिण आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. आफ्रिकेचं ते टोक हवेच्या दृष्टीने जगातल्या अवघड जागांपैकी एक, आणि २०२५ सालापर्यंत तरी दक्षिण आफ्रिकेत स्टारलिंकला परवाना नव्हता.

टोंगाने दोन्ही बाजू अनुभवल्या. जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखीत समुद्राखालची केबल तुटली आणि तो देश आठवडे जगापासून तुटला. २०२४ मध्ये भूकंपाने वावाऊ बेटाची केबल गेली, तेव्हा परवाना नसलेली स्टारलिंक सरकारने आधी बंद करायला लावली आणि पुढे तात्पुरती परवानगी दिली. वावाऊ हा प्रशांतातल्या नौकांचा आवडता थांबा. म्हणजे बेटवासी आणि पाहुणे, दोघांचीही गरज एकच होती.

५. आपला किनारा

आता घरचं बघू. भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय थुराया किंवा इरिडियमचा सॅटेलाइट फोन जवळ बाळगणं गुन्हा आहे. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांच्या आधारे कारवाई होत आली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका परदेशी पाहुणीला गार्मिनचं छोटं उपग्रह-संदेशयंत्र जवळ आहे म्हणून अटक झाली. डोंगरात वाट चुकलेला माणूस मदत मागतो ते यंत्र.

याच गोव्यात ॲक्वेरियस शिपयार्डने ‘तुरीय’ ही नौका बांधली. ती घेऊन नौदल अधिकारी अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत उतरले. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला गंभीर इजा झाली. पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर पडल्या पडल्या त्यांनी उपग्रहावरून मजकूर पाठवला, भारतीय नौदलाचं विमान शोधायला गेलं, आणि तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्तनौकेने त्यांना उचललं. ज्या प्रकारच्या यंत्राने आपला नौदल अधिकारी वाचला, त्याच प्रकारच्या यंत्रासाठी आपण विमानतळावर बेड्या घालतो.

यावरचं उत्तर मला ठाऊक आहे: २६/११. ते उत्तर झटकून टाकण्यासारखं नाही. दहा जण समुद्रातून आले, ‘कुबेर’ ट्रॉलर बळकावून आले, कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरले, आणि ‘कुबेर’वर सॅटेलाइट फोन सापडला. पण ते नोंद करून आले नव्हते. ज्या यॉटने आठवडाभर आधी नाव, पासपोर्ट आणि यंत्राचा क्रमांक कळवला, जिचा एआयएस (नौकेची ओळख आणि जागा प्रसारित करणारं यंत्र) चालू आहे, ती पोलिसांना दिसते. सरसकट बंदीने नोंद करणारा माणूसच दूर पळतो.

आणि तो पळतोच आहे. थायलंडहून पश्चिमेला निघालेल्या नौका श्रीलंकेत गॉलला थांबतात, मालदीवच्या उत्तर टोकाला उलिगामूला थांबतात आणि भारत डावलून पुढे जातात. कोचीला बोळगट्टीत मरीना आहे म्हणून काही जण तिथे येतात. मुंबई-गोव्याच्या वाट्याला फारसं काही येत नाही. धक्क्यावरच्या डिझेलवाल्याचं, शिडं शिवणाऱ्याचं, भाजीवाल्याचं गिऱ्हाईक जातं.

६. मागण्या

ई-व्हिसा मुंबई, गोवा, मंगळूर, कोची आणि चेन्नई बंदरांवर चालतो. तो खासगी नौकेलाही लागू आहे की फक्त क्रूझच्या प्रवाशांना, हे गृह मंत्रालयाने स्पष्ट शब्दांत लिहावं. दूरसंचार खात्याने परिपत्रक काढून आगाऊ नोंदवलेल्या यंत्राला नौकेपुरता, मुदतीचा, ऑनलाइन परवाना द्यावा. तो नाकारायचा असेल तर यंत्र सील करून नौकेवरच ठेवायची मुभा द्यावी, अटक करू नये. जून २०२५ मध्ये स्टारलिंकला भारतात परवाना मिळाला, पण तो कंपनीला मिळाला आहे. बाहेरून डोलकाठीवर लावून आणलेल्या डिशचं काय, ते त्याच परिपत्रकात यावं. वादळाने अडकलेल्याच्या मुक्कामाचे दिवस बंदर अधिकाऱ्याच्या एका दाखल्यावर वैध धरले जावेत.

 फुकेटहून निघणारे जानेवारी ते मार्च या शांत हवेत हा पट्टा ओलांडतात आणि कुठे थांबायचं ते त्याआधी दोन-तीन महिने ठरवतात. परिपत्रक ऑक्टोबरच्या आत निघालं तरच त्याचा पुढच्या हंगामाला उपयोग.