दुसऱ्या नजरेची सही

चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांत ब्रेकचा पार्ट इन्स्पेक्शनच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. मी पिंपरीत बसून गाडीच्या स्क्रीनमागचं लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सांभाळते. इथे ती सही म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासणं. मेमरीच्या कोडमधला बदल तपासताना आधी हेच पाहते: एक काम मेमरीचं पान परत करत असताना त्याच क्षणी दुसरं ते वापरत असेल तर? ते रोखणारं लॉक कुठे घेतलंय?

दोन कामं अशी एकाच क्षणी भिडण्यातूनच ‘डर्टी काऊ’ ही चूक घडायची. २००७पासून ती कर्नलमध्ये होती, दुरुस्त झाली २०१६मध्ये. तोवर फक्त वाचण्यापुरत्या खुल्या फाइलीतही कुणी लिहू शकत होतं.

अशा चुका पकडायलाच दुसरी नजर लागते. तरीही वेळापत्रकात तपासणीचे तास धरलेच जात नाहीत. व्यवस्थापकांनो, कोड लिहायला देता तसा तो वाचायलाही वेळ द्या.