नामावली संपेपर्यंत दार उघडू नका

२०१६ मध्ये ‘सैराट’ लागला तेव्हा थिएटरात पब्लिक पडद्यासमोर जाऊन नाचत होतं. अजय-अतुल यांनी त्यातल्या संगीतासाठी थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. आणि एवढं सगळं कानात ओतल्यावर दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी शेवटी आवाजच काढून घेतला. शेवटच्या दृश्यात लेकरू रडतंय, तोंड उघडं आहे, पण रडणं ऐकू येत नाही. रडा म्हणून सांगायला व्हायोलिन नाही. मग शेजारच्या खुर्चीतला हुंदका ऐकू येतो, आपलाच श्वास ऐकू येतो. तीन तास नाचवलेल्या कानांवरच हा घाव इतका खोल बसतो. सुरुवातीपासून गप्प असलेल्या सिनेमात तो बसला नसता.

मी पाहिला त्या थिएटरात नेमकं तेव्हाच दारं धाडकन उघडली, दिवे लागले, बाहेरून पॉपकॉर्नवाल्याचा पुकारा आत आला. मला याचा आजही संताप येतो. दिग्दर्शकाने ठेवलेली शांतता हा साउंडट्रॅकचाच भाग आहे, तिकिटाच्या पैशांत तीही येते. थिएटरवाल्यांनो, पुढच्या शोची घाई असेल तर मधल्या जाहिराती कमी करा.