विहिरीतला दगड पारखून घ्या



नवी विहीर खणली की काठावर दगडांचा डोंगर होतो. सुरुंगाला आणि मजुरीला पैसा ओतून वर काढलेला हा दगड, तेव्हा विहिरीचे बांधकाम आणि जमल्यास घराचे जोतेही त्यातच उरकावे असे वाटणारच. त्यात गैर काही नाही. पण ढिगातला सगळा दगड एका जातीचा नसतो.

आपल्या दख्खनचा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तयार झाला. थराचा जो भाग घट्ट निवला तो काळा पाषाण. त्यात फेल्डस्पार आणि ऑगाइट या कठीण खनिजांचे कण एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून तो भार सोसतो आणि पाणी फारसे पीत नाही. वरच्या भागात वाफेचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत झिओलाइट, कॅल्साइट, हिरवट चिकणखनिजे भरली. हा ठिपक्यांचा दगड म्हणजे मांजऱ्या.

मांजऱ्या फसवतो. खणताना पहारीला दाद देत नाही, आणि उघड्यावर दोन-चार पावसाळे काढले की काही मांजऱ्याचे पोपडे सुटू लागतात. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते आणि पावसात फुगते, तसेच दगडातल्या चिकणखनिजांचे होते. विहिरीत पाणी वरखाली होते, म्हणजे दगड सतत ओला-सुका होणार.

सगळाच मांजऱ्या टाकाऊ मात्र नव्हे. पांढऱ्या ठिपक्यावर चाकू ओढून पाहा. ओरखडा उठला नाही तर ती गारगोटी, तिची काळजी नको. ओरखडा उठला तर मुठीएवढे चार-पाच तुकडे जुन्या बादलीत रात्रभर भिजवा, दिवसा उन्हात वाळवा. पंधरा दिवस हे चालू ठेवा. काम मुलांकडे दिले तरी चालेल. तुकडे फुटले, कडा झडल्या, तर तो दगड भरावाला टाका, बांधकामात घेऊ नका. गवंडी घाई करील, करू द्या.

आणखी एक. दोन थरांच्या मध्ये कधी विटकरी रंगाचा, गेरूसारखा पट्टा लागतो. कोरडा असताना तो टणक वाटतो, पण त्यातही चिकणखनिजेच असतात. भिजला की मऊ पडून ढासळतो. बांधकाम त्याच्यावर कधीही टेकवू नका. पट्टा झाकून खालच्या पक्क्या पाषाणापर्यंत न्या, आणि हे काम पावसाळ्याच्या आत उरका.